कुणाच्या मापाची गोळी?

न्यूयॉर्कमधल्या एका किराणा कंपनीच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन लोणच्याची आंबटाई आणि मेयॉनीजचा रंग तपासत असत. १९३७ साली हंटर कॉलेजातून रसायनशास्त्रात उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी कुठे शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. प्रयोगशाळेत बाई नको, हे तेव्हा लोक तोंडावर सांगत. मग महायुद्ध आलं, पुरुष रसायनतज्ज्ञ लढाईवर गेले आणि कंपन्यांना बायकांची आठवण झाली. १९४४ साली एलियनबाई बरोज वेलकम या औषध कंपनीच्या टकाहो इथल्या प्रयोगशाळेत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाल्या. पीएच.डी. करायची त्यांची इच्छा राहूनच गेली. नोकरी सोडून पूर्णवेळ या, असं विद्यापीठाने सांगितलं आणि त्यांनी नोकरी निवडली.

त्या नोकरीत तयार झालेल्या एका गोळीची ही हकीगत आहे. तिचं नाव सिक्स-मर्कॅप्टोप्युरीन, पण वॉर्डातले आईबाप तिला नुसतं ‘सिक्स एमपी’ म्हणतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर, म्हणजे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावर, आजही ती रोज रात्री दिली जाते. सत्तर वर्षांहून जास्त काळ जगभर वापरलेल्या या गोळीचा डोस आशियातल्या अनेक मुलांना का झेपत नाही, याचं उत्तर मिळायला मात्र २०१४ साल उजाडावं लागलं.

हिचिंग्ज यांचा विचार साधा होता. पेशी वाढायची तर तिला डीएनए बनवावा लागतो आणि त्यासाठी प्युरीन नावाचे घटक लागतात. भराभर वाढणाऱ्या पेशीची भूक जास्त. तेव्हा प्युरीनसारखं दिसणारं पण कामाला न येणारं काहीतरी तिच्यापुढे ठेवायचं, म्हणजे खोटं नाणं चलनात सोडायचं. डीएनएची रचना तोवर कुणालाच ठाऊक नव्हती, हे लक्षात घेतलं तर या विचारातलं धाडस कळतं. एलियनबाईंनी शंभराहून अधिक प्युरीनसदृश रसायनं बनवली आणि दुधात वाढणाऱ्या जिवाणूंवर तपासली. त्यांतल्या एकात सहाव्या जागी गंधकाचा अणू बसवला होता. तेच हे सिक्स-एमपी. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संस्थेत जोसेफ बर्शनाल यांनी ते ल्युकेमियाच्या रुग्णांना दिलं आणि १९५३ साली अमेरिकी सरकारने त्याला मान्यता दिली. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी गुंडाळी मांडली तीही त्याच वर्षी. म्हणजे कुलूप कसं आहे हे जगाला कळेपर्यंत किल्ली घडवून झाली होती.

या आधीचं पर्व बोस्टनचं. तिथल्या मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस अमिनॉप्टेरिन हे औषध वापरलं. जून १९४८ च्या लेखात त्यांनी सोळा मुलांची माहिती दिली आणि त्यांतल्या दहांना काही काळ उतार पडल्याचं सांगितलं. फार्बर यांना हे रसायन पुरवणाऱ्या लेडर्ली कंपनीत संशोधनाची सूत्रं भीमावरमहून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. लेख छापून आल्यानंतर दोन महिन्यांनी सुब्बाराव गेले. आज सिक्स-एमपीच्या जोडीला आठवड्यातून एकदा दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे अमिनॉप्टेरिनचंच भावंड. आपल्याकडे सुब्बारावांचं नाव फारसं ऐकू येत नाही, याची खंत वाटते.

सिक्स-एमपी येण्यापूर्वी तीव्र ल्युकेमिया झालेलं मूल सरासरी तीन-चार महिने जगे. ही गोळी आल्यावर तो काळ वर्षभरावर गेला. वर्षभर म्हणजे एक दिवाळी, एक वाढदिवस. आईबापांना ते मोठंच होतं, पण रोग परत यायचा. मेम्फिस शहरात १९६२ साली सेंट ज्यूड इस्पितळ उघडलं आणि तिथे डोनाल्ड पिंकेल यांनी हट्ट धरला की हा रोग बरा करायचा, नुसता लांबवायचा नाही. त्यांनी सगळी औषधं एकत्र आणली, मेंदूत दडलेल्या पेशींवर किरणोपचार केले आणि रोग दिसेनासा झाल्यावरही दोन-तीन वर्षं औषध सुरू ठेवलं. त्या दोन-तीन वर्षांच्या टप्प्याचा कणा म्हणजे रोजची सिक्स-एमपी. १९६७ च्या सुमारास सुरू झालेल्या त्यांच्या पाचव्या योजनेतली निम्मी मुलं बरी झाली. आज श्रीमंत देशांत लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची दहांतली नऊ मुलं बरी होतात.

पण डोस किती? वजन किंवा शरीराचं क्षेत्रफळ काढायचं आणि एका चौरस मीटरला दिवसाला ७५ मिलिग्रॅम, असा अमेरिकी हिशेब ठरला. यात शरीराच्या आकारापलीकडे काहीच विचारात घेतलेलं नाही. प्रत्यक्षात वॉर्डात निराळंच दिसे. बहुतेकांना गोळी झेपायची. मध्येच एखाद्या मुलाच्या रक्तपेशींचे काउंट असे कोसळायचे की पांढऱ्या पेशी जवळजवळ संपायच्या, ताप चढायचा आणि साध्या जंतूनेही जीव धोक्यात यायचा. डॉक्टर गोळी बंद करत, काउंट वर आले की कमी डोसाने सुरू करत, पुन्हा थांबवत. कुणाच्या बाबतीत असं होणार हे आधी सांगता येत नसे.

पहिला धागा सापडला तो कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर. मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये रिचर्ड वाइन्शिलबॉम हे औषधांना मिथाइल गट जोडणाऱ्या विकरांचा अभ्यास करत होते. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. त्यांतलं टीपीएमटी नावाचं विकर सिक्स-एमपीचा एक भाग निकामी करतं. १९८० साली त्यांनी २९८ लोकांच्या तांबड्या पेशींमध्ये हे विकर मोजलं. ८८.६ टक्के लोकांत ते भरपूर होतं, ११.१ टक्के लोकांत मध्यम, आणि ०.३ टक्के लोकांत मोजण्याजोगंही नव्हतं. असे तीन स्पष्ट गट पडले की जनुकशास्त्रज्ञाचे कान टवकारतात. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन प्रतींपैकी दोन्ही चांगल्या, एक चांगली, एकही नाही, असा सरळ मेंडेलचा हिशेब होता. दर तीनशे माणसांत एक माणूस असा की ज्याला नेहमीचा डोस विषासारखा लागेल, आणि त्याला स्वतःला याची कल्पनाही नसेल. गोळी घेण्याची वेळ आली नाही तर आयुष्यभर काही कळणारही नाही.

मला या कथेत सर्वात महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा शेफील्डचा टप्पा. इंग्लंडमधल्या या पोलादाच्या शहरात लिन लेनर्ड आणि जॉन लिलीमन यांनी मुलांच्या तांबड्या पेशींत औषधाचं अंतिम रूप किती साठतं ते मोजायला सुरुवात केली. १९९० साली त्यांनी वाइन्शिलबॉम यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. सगळी मुलं तीच गोळी घेत होती, पण ज्यांच्या पेशींत औषध कमी साठत होतं त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण जास्त होतं. त्याच मुलांमध्ये टीपीएमटी जोमदार होतं. म्हणजे ज्या मुलाला गोळी अगदी छान सोसते, काउंट कधी पडत नाही, ज्याच्याकडे पाहून घरचे निश्चिंत असतात, त्याच्या शरीरात कदाचित ती पुरेशी पोचतच नसेल. जन्मजात फरकाचा संबंध इथे केवळ औषधाच्या त्रासाशी राहिला नाही, तो थेट जगण्यामरण्याशी जोडला गेला.

पुढचं काम वेगाने झालं. १९९५ आणि १९९६ साली मेम्फिसमधल्या विल्यम इव्हान्स यांच्या गटाने सहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातले नेमके बदल शोधले. आता रक्ताचा नमुना घेऊन आधीच सांगता येऊ लागलं. विकर तांबड्या पेशींत मोजण्यापेक्षा जनुक वाचणं बरं, कारण ल्युकेमियाच्या मुलाला वारंवार रक्त चढवावं लागतं आणि मग मोजणी दात्याच्या विकराची होते. ज्या मुलाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्याला नेहमीच्या डोसाचा दहावा भाग, तोही आठवड्यातून तीनदाच, अशी शिफारस रुळली. माणसाचा जनुक वाचून औषध ठरवण्याचं उदाहरण म्हणून टीपीएमटी पाठ्यपुस्तकांत गेलं.

आणि इथेच एक भोक राहिलं. टीपीएमटीचे बिघडलेले प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत बऱ्यापैकी आढळतात, पूर्व आशियात फार थोडे. मग जपान, कोरिया, चीनमधल्या रुग्णांना हे औषध अधिक सोसायला हवं होतं. घडत होतं नेमकं उलट. तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं कमी डोस देत होते, कारण पाश्चात्त्य डोस दिला की पेशी पडत. तो त्यांचा अनुभव होता आणि अनुभवाला नियतकालिकात जागा मिळते ती आकड्यांच्या सोबतीनेच. टीपीएमटीची चाचणी केली तर ती ‘सर्व ठीक’ म्हणायची, आणि रुग्णाचे केस गळून काउंट तळाला जायचे. एका खंडातल्या रक्तावरून बनवलेली चाचणी दुसऱ्या खंडात खोटा दिलासा देत होती.

उत्तर आलं ते सोलहून, आणि पुन्हा कर्करोगाबाहेरूनच. एलियन आणि हिचिंग्ज यांनी सिक्स-एमपीवरून अझाथायोप्रिन नावाचं दुसरं औषध बनवलं होतं. ते पोटात गेलं की त्यातून सिक्स-एमपीच बाहेर पडतं. सुरुवातीच्या मूत्रपिंडरोपणांचा तो आधार होता आणि आतड्यांच्या क्रोन रोगात आजही देतात. सोलच्या आसान मेडिकल सेंटरमधल्या सुक-क्युन यांग आणि सहकाऱ्यांनी क्रोनच्या ९७८ कोरियन रुग्णांचे जनुक तपासले. कुणाच्या पांढऱ्या पेशी पडल्या आणि कुणाच्या नाही याच्याशी ते ताडून पाहताना बोट एका अपरिचित जनुकावर येऊन थांबलं. त्याचं नाव एनयूडीटी-१५. या जनुकातलं एक अक्षर बदललं की प्रथिनाच्या १३९ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन बसतं आणि प्रथिन डळमळतं. हे २०१४ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलं.

हे प्रथिन काय करतं? सिक्स-एमपीपासून शरीरात जी खोटी नाणी तयार होतात, ती डीएनएत बसण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर उचलून बाजूला काढतं. ते नसेल तर साध्या डोसातही निरोगी अस्थिमज्जेच्या डीएनएत ती भरमसाठ शिरतात. टीपीएमटी वाटेत आधी अडवतं, एनयूडीटी-१५ दारात. इतकी वर्षं जगाने फक्त वाटेवरचा पहारेकरी तपासला होता.

मेम्फिसमधल्या जुन यांग यांनी हाच बदल ल्युकेमियाच्या मुलांमध्ये शोधला, आणि त्यांच्या हाती असलेली माहिती मोठी गमतीची होती. मूळच्या भारतीय असलेल्या डॉ. स्मिता भाटिया यांनी अमेरिकेत एक अभ्यास केला होता, त्यात सिक्स-एमपीच्या बाटलीच्या झाकणात चिप बसवलेली होती. बाटली केव्हा उघडली याची नोंद ती करायची. मूल गोळ्या खरंच घेतं का, हे त्यातून कळे. वेळापत्रकातल्या गोळ्या चुकवणाऱ्या मुलांत रोग परतण्याचा धोका स्पष्टपणे जास्त आहे, हे भाटियांनी दाखवून दिलं. जुन यांग यांना त्या नोंदींचा दुसरा उपयोग झाला: डोस कमी पडला तो विसरल्यामुळे की शरीराला न सोसल्यामुळे, हे वेगळं काढता आलं. २०१५ साली आकडे आले. ज्यांच्या दोन्ही प्रती शाबूत, ती मुलं ठरलेल्या डोसाच्या सरासरी ८३.५ टक्के सहन करत. एक प्रत बदललेली असेल तर ६३ टक्के. दोन्ही बदललेल्या असतील तर ८.३ टक्के. एका अक्षराने दहापट फरक. युरोपीय वंशाच्या मुलांत हा बदल दुर्मीळ होता आणि आफ्रिकी वंशाच्या मुलांत सापडलाच नाही. युरोपीय वंशाच्या रुग्णांवरच अभ्यास होत राहिले असते, तर तो कदाचित आजही लपून राहिला असता. पुढच्या वर्षी ग्वाटेमाला, सिंगापूर आणि जपानमधल्या २७० मुलांच्या अभ्यासातून याच जनुकातले आणखी हानिकारक प्रकार पुढे आले.

ग्वाटेमाला यात कसं आलं? लॅटिन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज हजारो वर्षांपूर्वी आशियातून गेले, आणि सोबत हे अक्षरही गेलं. म्हणून ‘आशियाई’, ‘गोरा’ अशा खान्यांवर फार विसंबू नये. रुग्णाच्या कातडीकडे बघून त्याचा जनुक ओळखणारे डॉक्टर मला तरी नको आहेत.

वंशावळीचा हा धागा रोग होण्याच्या शक्यतेपर्यंतही जातो. २००९ साली ब्रिटिश आणि अमेरिकी गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं की एआरआयडी-५बी आणि आयकेझेडएफ-१ या जनुकांच्या परिसरातले अगदी सर्वसामान्य फरक मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा धोका थोडा वाढवतात. थोडा हा शब्द महत्त्वाचा. हे फरक कोट्यवधी निरोगी माणसांत असतात, आणि रोग मुळातच विरळा आहे. त्यावरून कुणी आईबापांनी स्वतःला बोल लावून घेऊ नये. २०११ साली जुन यांग यांच्याच गटाने अडीच हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या वंशात अमेरिकी मूळ रहिवाशांचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त, त्यांच्यात रोग परतण्याचं प्रमाण अधिक होतं. पण उपचारात एक जोरकस टप्पा वाढवला की हा फरक पुसला जात होता. रक्तात काय आलं आहे हे बदलता येत नाही, उपचार मात्र बदलता येतो, हे एवढ्या स्पष्टपणे दिसण्याचे प्रसंग वैद्यकात फार येत नाहीत.

आता आपल्याकडे. १९७० च्या दशकात भारतातल्या मोठ्या केंद्रांतही या रोगाचे निकाल वाईट होते. १९८० च्या दशकात मुंबईचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या इयन मॅग्राथ यांच्या साथीने एमसीपी-८४१ नावाची एकच उपचारपद्धती सुरू केली. चार वर्षं रोगाशिवाय राहणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांखालून ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. परळच्या इस्पितळात विदर्भातून, कोकणातून, बिहारमधून आलेली मुलं आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकून राहिलेले त्यांचे आईबाप, या सगळ्यांच्या वाट्याला आलेलं हे यश आहे. ते कमी लेखण्याचं काही कारण नाही.

तरी संसर्गाने दगावणारी मुलं श्रीमंत देशांपेक्षा इथे जास्त होती. कुपोषण, अस्वच्छ पाणी, उशिरा गाठलेलं इस्पितळ ही कारणं दिली गेली आणि ती खरीच होती. पण ज्या काळात एनयूडीटी-१५ हे नावच कुणी घेतलं नव्हतं, त्या काळात पडलेल्या काउंटमागे आणखी एक कारण असू शकतं, हे तपासायची सोयच नव्हती. दक्षिण आशियात या बदललेल्या अक्षराचं प्रमाण जनुकांच्या साधारण सात टक्के प्रतींत आहे. हिशेब केला तर आठांतल्या एका माणसात एक प्रत बदललेली, आणि दर दोनशेंत एकाच्या दोन्ही. युरोपात टीपीएमटीसाठी जे तीनशेंत एक प्रमाण जगाने गांभीर्याने घेतलं, त्याहून हे जास्त आहे. औषध कंपन्यांच्या माहितीपत्रकात आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१८ पासून दोन्ही जनुकांचा उल्लेख येतो. एनयूडीटी-१५च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला चौरस मीटरमागे दिवसाला दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, असं त्या सूचना सांगतात.

एलियनबाईंना १९८८ साली हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल मिळालं, १९९९ साली त्या गेल्या. कोरियातला शोध त्यांना पाहता आला नाही. आपल्या औषधाचं शरीरात काय होतं, याचा त्या अनेक वर्षं माग काढत राहिल्या होत्या.

तेव्हा ज्यांच्या घरात हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. सिक्स-एमपी किंवा अझाथायोप्रिन सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा: टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या दोन्हींची जनुकचाचणी करता येईल का? एकट्या टीपीएमटीचा अहवाल आपल्या लोकांना पुरेसा नाही. चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते, तेव्हा अहवाल फाइलमध्ये जपून ठेवा आणि इस्पितळ बदललं तर सोबत न्या. चाचणी होणार नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांत काउंट वरचेवर तपासून घ्या. आणि काउंट पडले किंवा अजिबात पडले नाहीत, तरी गोळी आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नका. डोस कमी करायचा की वाढवायचा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.